घरपोच संधिवात पॅकेज: निदानाला दीड तारा, देखरेखीला साडेचार

पावसाळ्याची चाहूल लागली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही जाहिरात फिरू लागते. वर लालभडक गुडघ्याचं चित्र, खाली खोडलेला मोठा आकडा, त्याला लागून निम्मा भाव आणि 'घरी येऊन रक्त नेऊ'. नाव कुठे 'आर्थरायटिस प्रोफाइल', कुठे 'जॉइंट केअर', कुठे सरळ 'संधिवात पॅकेज'. लॅब वेगळ्या, पण आतला माल जवळपास एकच. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही. नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मिळणाऱ्या या मालाचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सांधे का दुखतात हे शोधायला हे पॅकेज पाचपैकी दीड ताऱ्याचं. मात्र निदान होऊन औषध सुरू झालेल्या माणसाला याच लॅबची घरपोच सेवा साडेचार तारे द्यावी अशी आहे. फक्त त्यासाठी पॅकेज न घेता तीन-चार सुट्या तपासण्या मागवायच्या.

पॅकेजात आरए फॅक्टर, ईएसआर आणि सीआरपी (अंगातल्या सुजेची दोन मोजमापं), युरिक ॲसिड, एएसओ टायटर आणि कॅल्शियम एवढं बहुतेक ठिकाणी असतं. थोडे जास्त पैसे मोजले की अँटी-सीसीपी (आमवाताचीच आणखी एक तपासणी), एएनए आणि व्हिटॅमिन डी येतात. सगळ्यांत वरच्या पॅकेजात एचएलए-बी२७. यातल्या कुठल्याही तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. 'बारा तास उपाशी राहा' असा निरोप आला तर समजायचं की पॅकेजात साखर आणि कोलेस्टेरॉलही भरलेलं आहे.

रक्त नेण्याच्या सेवेत एकच गोष्ट खरी महत्त्वाची, आणि ती कुणी विचारत नाही: ईएसआर कुठे लावणार? वेस्टरग्रेन पद्धतीत रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. साध्या तापमानाला ठेवलेलं रक्त चार तासांच्या आत लावायला हवं, नंतर पेशींचा आकार बदलतो आणि आकडा खोटाच कमी येतो. वाघबिळात सातला काढलेलं रक्त आणखी आठ घरं फिरून साडेदहाला निघालं, माजिवड्याच्या सिग्नलला अडकलं आणि तिथून मुंबईच्या मुख्य लॅबला गेलं, तर त्या ईएसआरवर भरवसा नको. रक्त जवळच्या शाखेतच लावतात का ते बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. सीआरपीला ही अडचण नाही, म्हणून दोन्हींपैकी एकच घ्यायची झाली तर सीआरपी घ्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे अँटी-सीसीपी आणि व्हिटॅमिन डीचे आकडे चुकतात. गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते लॅबकडूनच कळेल.

आता रिपोर्टकडे. ईएसआरसमोर बहुतेक लॅब ० ते २० अशी एकच मर्यादा छापतात आणि त्यावरचं सगळं ठळक करतात. वय मात्र धरत नाहीत. ढोबळ हिशेब असा: पुरुषाच्या वयाला दोनाने भागा, बाईच्या वयात दहा मिळवून दोनाने भागा. ६६ वर्षांच्या आजींना ३८ पर्यंत चालतं. त्यातून हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा आणखी वर जातो, आणि आपल्याकडे ते कमी असणं ही काही नवलाई नाही. सीआरपीत घोळ एककांचा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापते, दुसरी प्रति डेसिलिटर. ६ आणि ०.६ हा एकच आकडा आहे. लॅब बदलली आणि 'सीआरपी दहापट घसरला' म्हणून पेढे वाटले, असं होऊ नये.

आरए फॅक्टर ही पॅकेजची नायिका. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात, तो याच तपासणीने कळतो अशी समजूत पक्की बसली आहे. (बोलीत आपण गुडघ्याच्या झिजेलाही संधिवात म्हणतो आणि आमवातालाही. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.) हिशेब मांडून बघू. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. मोठ्या गृहसंकुलातल्या हजार मोठ्या माणसांनी हे पॅकेज घेतलं असं धरा. त्यांत आमवाताचे पाच जण. आमवात असलेल्या शंभरातल्या सत्तरेक जणांतच आरए फॅक्टर सापडतो, म्हणजे या पाचांतले तीन-चार. उरलेले ९९५ जण धडधाकट किंवा नुसत्या झिजेचे. त्यांच्यातही पाचेक टक्क्यांना तो सापडतो, म्हणजे पन्नास जण. ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' वाचून ज्या त्रेपन्न-चौपन्न जणांची झोप उडेल, त्यांत खरा आमवात फक्त तीन-चार जणांना. आणि ज्यांना आमवात आहे पण फॅक्टर निगेटिव्ह आला, ते एक-दोघं 'काही नाही' म्हणून घरी बसतील. क्षयरोग, हिपॅटायटिस सी, लांबलेले जंतुसंसर्ग, नुसतं वाढतं वय, यांतही हा फॅक्टर वर येतो.

अँटी-सीसीपी त्यापेक्षा पुष्कळ सरस. आमवात नसताना ती क्वचितच पॉझिटिव्ह येते. पॅकेजात एखादी गोष्ट पैशाला जागत असेल तर हीच, आणि स्वस्त पॅकेजातून नेमकी हीच गाळलेली असते. दोन्हींचा आकडा मागा, नुसतं 'पॉझिटिव्ह' नको. २०१० पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत मर्यादेच्या तिपटीहून जास्त आकड्याला तीन गुण आहेत, त्याखालच्या पॉझिटिव्हला दोन. दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात. त्यांतले पाचपर्यंत गुण सांध्यांचे: कोणते सांधे सुजलेत किंवा दाबल्यावर दुखतात आणि किती. असे सांधे दहापेक्षा जास्त आणि त्यांत निदान एक लहान असला तरच पाच. रक्तातल्या फॅक्टरांचे जास्तीत जास्त तीन, सीआरपी किंवा ईएसआरचा एक, सहा आठवडे उलटून गेल्याचा एक. म्हणजे निम्मा पेपर बोटांनी तपासायचा आहे आणि पॅकेजवाला तो कोराच ठेवतो. हे गुणसुद्धा कुठल्यातरी सांध्याला खरी सूज असेल आणि तिचं दुसरं कारण सापडत नसेल तरच मोजायचे.

तो कोरा भाग कसा सोडवतात ते पाहा. डॉक्टर हात हातात घेतात, बोटांच्या मुळांशी असलेली चारही पेरं दोन्ही बाजूंनी धरून हलकेच दाबतात. हस्तांदोलनात असतो तेवढाच दाब. आमवाताच्या माणसाला तेवढ्यानेही कळ येते. मग एकेका पेरावर अंगठे ठेवून पाहतात: हाडाची कडा टणक लागते, की मध्ये ओल्या स्पंजासारखं काही दबतं? टणक गाठ बोटाच्या शेवटच्या पेरावर असेल तर बहुधा झीज. मऊ सूज मुळाच्या आणि मधल्या पेरावर असेल तर आमवाताची शंका. शेवटचं पेर सुजलंय, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत, कानामागे किंवा डोक्यात खपल्या आहेत, तर सोरायसिसचा संधिवात. त्यात आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच. सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो हेही विचारतात. पाच-दहा मिनिटांत मोकळं होत असेल तर झिजेकडे कल, अर्ध्या-पाऊण तासापुढे गेलं तर सुजेच्या आजाराकडे. हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि याला सुई लागत नाही.

एएसओ टायटर या पॅकेजात का असतो हे आजवर कुणाला पटवता आलेलं नाही. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग नुकताच होऊन गेला, एवढंच तो सांगतो. शाळकरी पोराला ताप आलाय, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतोय, हृदयाच्या ठोक्यात आवाज आहे, अशा वेळी र्‍हुमॅटिक तापासाठी तो बघतात आणि सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. पन्नाशीच्या बाईचा गुडघा दुखतोय आणि एएसओ २०० ऐवजी ३०० आला, तर त्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही. पण 'रक्तात वात निघालाय' असं म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालेली माणसं सापडतात. ते इंजेक्शन खऱ्या र्‍हुमॅटिक तापाच्या मुलांसाठी जीव वाचवणारं आहे. झिजलेल्या गुडघ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, दंड मात्र दुखतो.

युरिक ॲसिडचा गोंधळ वेगळाच. डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर ते रक्तात विरघळून राहू शकत नाही, सांध्यात खडे धरू लागतं. पण आकडा वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट (या खड्यांनी सांध्याला येणारी सूज) कधीच होत नाही, आणि अंगठा लालभडक झालेल्या ऐन दुखण्यात तोच आकडा बऱ्याचदा सामान्य येतो. म्हणून झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. पक्कं निदान सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक दिसले की होतं. रिपोर्टमध्ये ७.४ आला म्हणून डाळ, टोमॅटो आणि पालक बंद करणारे घरोघरी आहेत. डाळी-पालेभाज्यांनी गाऊट वाढत नाही. वाढतो तो मटण, मासळी, बिअर आणि गोड पेयांनी. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी किंवा कमी डोसाची ॲस्पिरिन चालू असेल तर तेही कारण असू शकतं. खरा गाऊट असेल तर ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून, मूत्रपिंड बघत, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. पहिले काही महिने सोबत कोल्चिसिन देतात, कारण सुरुवातीला झटके उलट वाढतात. नेमकं याच टप्प्यावर लोक 'गोळी बाधली' म्हणून ती सोडतात. सोडायची ती अंगावर पुरळ उठलं तर, आणि तेव्हा लगेच.

एएनए ल्युपस या आजाराच्या शंकेत बघतात, पण तो निरोगी माणसांतही बऱ्यापैकी सापडतो. तोंडात फोड, गालांवर चट्टे, केस गळणं, लघवीतून प्रथिनं असं काही नसेल तर तो काढूच नये. एचएलए-बी२७ हे कण्याच्या संधिवाताशी जोडलेलं जनुक आहे, जन्मात एकदाच तपासायचं. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त चाललेली, पडून राहिल्यावर वाढणारी आणि हिंडल्यावर कमी होणारी कंबरदुखी असेल तरच. व्हिटॅमिन डी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं कमीच निघतं; ते भरून काढावं, पण त्याने बोटांची सूज उतरत नाही. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्याला एकच, अशी आठ आठवडे घेऊन झाली की थांबून पुन्हा विचारायचं असतं, वर्षभर घेत राहायचं नसतं.

पावसाळ्यात आणखी एक भिडू असतो, चिकनगुनिया, आणि तो बहुतेक पॅकेजांत नाहीच. तीन-चार दिवस सणकून ताप, मग घोटे-मनगटं सुजून आमवातासारखीच दिसतात. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्राला हे पाठ असायला हवं. तापाचा इतिहास सांगा, चिकनगुनियाची आयजीएम ही रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करा. बऱ्याच जणांचे सांधे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शांत होतात. तोवर आरए फॅक्टरच्या मागे लागू नये.

एकच सांधा अचानक लाल, गरम, हलवताही येत नाही आणि सोबत ताप असेल तर मात्र पॅकेज, व्हॉट्सॲप, शेक सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो.

पॅकेज घेणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा गुडघ्याच्या झिजेवाल्यांचा, आणि झिजेची रक्ताची तपासणीच नाही. त्यांना लागतो तो एक्स-रे, तोही उभं राहून काढलेला. झोपवून काढला तर गुडघ्यावर वजन येत नाही, हाडांमधली फट रुंद दिसते आणि 'फारसं काही नाही' असा रिपोर्ट मिळतो. चिठ्ठीवर 'दोन्ही गुडघे, उभं राहून' असं लिहून घ्या. आमवाताची शंका असेल तर दोन्ही हातांचा आणि दोन्ही पावलांचा. हाड खाल्ल्याच्या खुणा कित्येकदा पावलाच्या करंगळीच्या मुळाशी आधी दिसतात.

पॅकेजचे वाचलेले पैसे झिजेवाल्यांनी फिजिओथेरपिस्टकडे द्यावेत. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचे व्यायाम किमान बारा आठवडे, आठवड्यातून तीन-चारदा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हाच त्यातला अर्धा अभ्यासक्रम. वजन एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. गोळ्यांआधी डायक्लोफेनॅकचा जेल. तो लागू पडत नाही असं म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढा लावतात. १ टक्क्याच्या जेलचं गुडघ्याला एका वेळचं माप ४ ग्रॅम, दिवसातून चारदा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली जेलची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे एका वेळी अशा आठ रेघा. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. महिनाभर पुरली असेल तर ती लावलीच नव्हती. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर एवढ्या मापाआधी डॉक्टरांना विचारा. ग्लुकोसामीनच्या डब्यांवर खर्च करू नका, आणि 'वाताच्या पुड्या' ज्यांनी दोन दिवसांत चमत्कार होतो त्यांच्यापासून लांब राहा. अशा पुड्यांत न सांगता मिसळलेलं स्टिरॉइड असल्याचे प्रकार आपल्याकडे जुने आहेत.

लहान सांध्यांना सूज, सकाळचं आखडणं अर्ध्या तासापुढे आणि हे सगळं काही आठवडे टिकलेलं, अशा माणसाने र्‍हुमॅटॉलॉजिस्ट गाठावा, म्हणजे सुजेच्या संधिवाताचा तज्ज्ञ. पाटीवर 'डीएम' किंवा 'डीएनबी र्‍हुमॅटॉलॉजी' असं असतं. हाडांचे डॉक्टर वेगळे. खिशाचा प्रश्न असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीतून सुरुवात करता येते, आणि परळच्या केईएममध्ये र्‍हुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. औषध लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्यानंतर झालेली हाडाची नासाडी भरून येत नाही.

इथून पुढे लॅबची घरपोच सेवा खरी कामाला येते. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. सुरुवात बहुधा ७.५ ते १५ मिलिग्रॅम, सोबत दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. चिठ्ठीतलं 'आठवड्याला' हे अक्षर न लागून ते रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतोही. म्हणून केमिस्टकडून घेतल्या घेतल्या पट्टीवर मार्करने 'फक्त सोमवार' लिहायचं, आणि गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत ती एकाच खणात टाकायची. दारू वर्ज्य. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध असेल तर वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतच. ५० किलोच्या बाईला रोज ४०० म्हणजे जास्त. डोळ्यांचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचा. पुढची जोरकस औषधं, म्हणजे टोफासिटिनिब किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं, ठरली तर त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयरोगाची तपासणी आणि हिपॅटायटिस बी-सी. क्षयरोग आपल्याकडे जितका दडून असतो ते पाहता हे टाळून चालतच नाही.

मेथोट्रेक्सेटवर पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. सुजलेल्या पावलांनी रिक्षा शोधत लॅब गाठण्यापेक्षा घरी आलेला मुलगा बरा, आणि इथे घाईने लावायच्या ईएसआरची गरजही नसते. वेळ मात्र नीट निवडा. डोसानंतर एक-दोन दिवस यकृताचा आकडा आपसूक वर जातो. सोमवारी गोळी घेणाऱ्याने मंगळवारी रक्त दिलं तर एसजीपीटी उगाच वाढलेला दिसतो आणि चांगलं लागू पडलेलं औषध घाबरून बंद होतं. फोनवर एवढंच सांगा: सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि सीआरपी, शनिवारी किंवा रविवारी सकाळी, मागच्या वेळच्याच लॅबमध्ये. आरए फॅक्टर पुन्हा नको, तो आजाराबरोबर नीट खालीवर होत नाही. पलीकडून 'थोडे जास्त दिलेत तर पॅकेजमध्ये बावीस तपासण्या मिळतील' असं आलं, तर हे चारच पुन्हा वाचून दाखवा.